सोळा तास उपाशी राहून वजन उतरतं का? मुंबईच्या वेळापत्रकात बसणारी पद्धत

उतरतं, पण एका अटीवर: उपाशी तासांमुळे दिवसभराचं एकूण खाणं कमी झालं पाहिजे. ते झालं नाही तर सोळाच काय, अठरा तास पाण्यावर काढले तरी काटा हलत नाही. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही.

सोळा-आठ म्हणजे सोळा तास उपाशी आणि उरलेल्या आठ तासांत सगळं खाणं. या पद्धतीवरचे दोन अभ्यास शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत, कारण दोन्हींत सुरुवातीला खाण्याची वेळ एकच होती, दुपारी १२ ते रात्री ८ (शिकागोत पुढच्या सहा महिन्यांत ती सकाळी १० ते रात्री ८ केली). सॅन फ्रान्सिस्कोतल्या अभ्यासात (२०२०, ११६ माणसं) लोकांना फक्त वेळ सांगितली; काय आणि किती खायचं ते त्यांच्यावर सोडलं. बारा आठवड्यांत त्यांचं वजन सरासरी किलोभरही उतरलं नाही, आणि तीन वेळा जेवणाऱ्या गटापेक्षा ते वेगळं म्हणावं इतकंही नव्हतं. शिकागोतल्या वर्षभराच्या अभ्यासात (२०२३, ९० माणसं) मात्र वेळ पाळून खाणाऱ्यांचं वजन नेहमीसारखं खाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे साडेचार किलोंनी कमी झालं. तिथे त्यांचं रोजचं खाणं सुमारे ४२५ कॅलरींनी घटलं होतं. त्याच अभ्यासातल्या तिसऱ्या गटाने वेळ न पाळता कॅलरी मोजून खाल्लं. त्यांचंही वजन जवळपास तेवढंच उतरलं.

चीनमध्ये ग्वांगझोउला १३९ लठ्ठ व्यक्तींवर झालेला अभ्यास (२०२२) हेच सांगतो. दोन्ही गटांना कमी कॅलरींचा आहार होता, एका गटाला वर सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेतच खाण्याची अट. वर्षअखेर अट असलेल्यांचं ८ किलो उतरलं, नसलेल्यांचं ६.३. हा फरक योगायोगानेही पडू शकतो इतका लहान ठरला.

रात्रभर पोट रिकामं राहिलं की यकृतातली साखर संपत येते आणि साधारण बारा तासांनंतर शरीर चरबीकडे जास्त वळतं, हे खरं आहे. पण दुपारी बसून तेवढंच परत भरलं तर शिल्लक शून्य. दिवसातून दोनदा, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण संपवायची डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. वजनापुरतं बोलायचं तर तिथेही मधल्या वेळचं खाणं बंद होणं हाच कामाचा भाग.

म्हणून ‘किती तास उपाशी राहू?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा: माझं फाजील खाणं कोणत्या वेळी होतं, आणि मी धरलेले उपाशी तास नेमके त्या वेळेवर येतात का?

आधी हे तपासा

पुढच्यांपैकी काही लागू असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय एक दिवसही सुरू करू नका. इन्शुलिन घेत असाल, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या चालू असतील, तर उपाशीपोटी साखर ७० च्या खाली उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी साखर तपासा. भरलेल्या लोकलमध्ये ही वेळ येणं धोक्याचं आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्यांवर लांब उपास केल्याने रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) साचून आम्ल वाढण्याचा वेगळाच धोका असतो, आणि तेव्हा साखर फार वाढलेली नसल्याने तो लक्षात यायला उशीर होतो. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, गाऊट, पित्ताशयातले खडे, मूत्रपिंडाचा आजार असेल तरी आधी विचारा.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, अठरा वर्षांखालची मुलं, वजन आधीच कमी असलेली माणसं आणि खाण्याशी संबंधित मानसिक आजार होऊन गेलेल्यांनी ही पद्धत करूच नये. थायरॉइडची गोळी मात्र नेहमीप्रमाणे सकाळी पाण्याबरोबर घ्या, तिने काही बिघडत नाही. मेटफॉर्मिन जेवणाबरोबरच.

तीन दिवसांची नोंद

दोन कामाचे दिवस आणि एक रविवार धरा. या तीन दिवसांत खाण्यात काही बदल करायचा नाही. तोंडात जे जाईल ते वेळेसकट मोबाइलमध्ये टिपायचं: कटिंग, वाढदिवसाचा केक, पोरांच्या ताटात उरलेलं, रात्री फ्रीज उघडून खाल्लेला श्रीखंडाचा चमचा, सगळं.

मुंबईत नोकरी करणाऱ्यांच्या नोंदीत बहुतेकदा एक नमुना दिसतो. सकाळी घाईत बशीभर पोहे किंवा दोन पोळ्या, अडीचशे-तीनशे कॅलरी. दुपारचा डबा मोजका, कारण तो घरूनच मोजून येतो. पाच वाजल्यापासून हिशेब सुटतो. ऑफिसातला गोड चहा साधारण ८० कॅलरी. स्टेशनबाहेर वडापाव, ३०० च्या आसपास. साडेआठला घरी पोचल्यावर कुकरची शिट्टी होईपर्यंत डब्यातला चिवडा किंवा फरसाण. दोन मुठी म्हणजे ५० ग्रॅम, साधारण २७० कॅलरी. जेवणाआधीच साडेसहाशे. मग साडेनऊला पूर्ण जेवण आणि टीव्हीसमोर काहीतरी गोड.

अशा माणसाने दुपारी १२ ते रात्री ८ ही प्रचलित वेळ धरली, तर बंद काय होतं? सकाळचे पोहे. संध्याकाळचा चहा-वडापाव तसाच राहतो. वर दिवसभराच्या भुकेने चिवड्याच्या दोन मुठींच्या चार होतात आणि साडेआठला घरी पोचणाऱ्याचं जेवण आठच्या आत बसतच नाही. महिनाभर उपाशी राहूनही काही झालं नाही अशी तक्रार ज्यांची असते, त्यांच्यापैकी अनेकांचं इथेच चुकतं.

वेळ कशी ठरवायची

नोंदीत संध्याकाळ जड असेल तर सकाळी १० ते संध्याकाळी ७:३० किंवा ८ ही वेळ धरा. उपाशी तास चौदा-साडेचौदाच भरतात, तरी वजनासाठी ते पुरतात, कारण तुमचे जड तास आटोक्यात येतात. नोंदीत सकाळ जड असेल, म्हणजे घरचा नाश्ता, मग ऑफिसच्या कँटीनमधली इडली, मग अकराचा चहा-बिस्किटं, तर १२:३० ते ८:३० चालेल. दोन्ही जमण्यासारख्या असतील तर लवकर संपणारी निवडा. अमेरिकेत २०१८ मध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या आठ पुरुषांवर छोटासा प्रयोग झाला. दिवसाचं शेवटचं जेवण दुपारी तीनच्या आत घेतल्यावर पाच आठवड्यांत, वजन न घटताही, इन्शुलिनचं काम आणि रक्तदाब सुधारला. आठच माणसं, त्यामुळे फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण सूर्यास्ताआधी जेवण उरकणारी, चोविहार पाळणारी जैन कुटुंबं याच मुंबईत नोकऱ्या-धंदे करतात, तेव्हा लवकर जेवणं इथे अशक्य आहे असंही नाही.

खरी अडचण प्रवासाची. डोंबिवली, विरार, पनवेलला राहणारा माणूस सहा-साडेसहाला ऑफिसातून निघून आठ-साडेआठला घरी पोचतो. त्याने दुसरा डबा न्यावा का? ऑफिसात फ्रीज आणि गरम करायची सोय असेल तर जरूर न्यावा आणि निघण्याआधी साडेसहाला जेवून घ्यावं. दोन पोळ्या, सुकी उसळ, काकडी-टोमॅटो. सोय नसेल तर सकाळी सहाला भरलेली उसळ संध्याकाळी खाऊ नका. इथल्या दमट हवेत ती आंबते, ओलं खोबरं असेल तर दुपारीच वास येतो. त्याऐवजी ४० ग्रॅम फुटाणे आणि एक पेरू किंवा केळं जवळ ठेवा आणि ते गाडीत चढण्याआधी, साडेपाच-सहाला, ठरवून खा. यामुळे स्टेशनवरचा वडापाव टळतो. घरी पोचल्यावर चपला काढल्या की हातपाय धुऊन थेट ताटावर. जेवण तयार व्हायला अर्धा तास लागणार असेल तर त्या अर्ध्या तासात काकडी, गाजर किंवा पातळ ताक. फरसाणाचा डबा ओट्यावर नको, वरच्या फळीवर.

रात्रपाळीवाल्यांनी झोपेनुसार वेळ धरावी. पाळीवर जाण्याआधी मुख्य जेवण, मध्यरात्री ते पहाटे पाच फक्त पाणी किंवा बिनसाखरेची कॉफी, सकाळी घरी येऊन हलकं खाऊन झोप. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर तासांच्या मागे लागू नका, खाली दिलेलं ताट पाळा.

पहिल्या आठवड्यात बाराच तास उपाशी राहा: रात्री ९ ला शेवटचा घास, सकाळी ९ ला पहिला. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळची वेळ अर्धा तास अलीकडे आणा, तिसऱ्यात आणखी अर्धा. चौथ्या आठवड्यात सकाळचा पहिला घास १० ला नेला की चौदा तास सहज जमतात. तिथे थांबून महिनाभर बघा. वजन उतरत असेल तर सोळापर्यंत ताणायची काहीच गरज नाही. एक दिवसाआड उपास किंवा आठवड्यातले दोन दिवस ५००-६०० कॅलरींवर काढायचे, हे प्रकारही आहेत, पण लोकांना ते टिकवणं जड जातं आणि वर्षअखेर फायदा रोज थोडं कमी खाण्याएवढाच दिसतो. गर्दीत उभ्याने प्रवास करणाऱ्यांना आम्ही ते सुचवणार नाही.

उपाशी तासांत काय चालतं

पाणी, कोरा चहा, कोरी कॉफी, ग्रीन टी. साखर, गूळ, मध, दूध काहीही नको. कोमट पाण्यात चमचाभर मध घातलेलं चालतं असं अनेकांना वाटतं. तो चमचा म्हणजे साखरच. सर्वांत अवघड जातो तो सकाळचा दुधाचा चहा. सोडवत नसेल तर एक कप, बिनसाखरेचा, पाव कप दूध घालून घ्या आणि उपास मोडला म्हणून दिवस सोडून देऊ नका. ३०-४० कॅलरींनी वजनाचं गणित कोसळत नाही. दिवसात चार गोड कटिंगनी मात्र बिघडतं.

पाणी दिवसाला अडीच ते तीन लिटर, मार्च ते मे आणि ऑक्टोबरात त्याहून थोडं जास्त. घाम फार येत असेल आणि रक्तदाब नसेल तर एका ग्लासात लिंबू आणि चिमूटभर मीठ.

ताट

उपाशी तास पाळून उतरलेल्या वजनात स्नायूही जातात. ते वाचवायला दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं रोज पोटात गेली पाहिजेत, ६५ किलोच्या माणसाला ६५ ते ७८ ग्रॅम. नुसत्या वरण-भात-भाजीत ती भरत नाहीत. खाण्याचे तास कमी झाले की एखादं जेवण गळतं आणि त्याबरोबर प्रथिनंही गळतात, म्हणून राहिलेल्या प्रत्येक ताटात ती मुद्दाम घालावी लागतात.

शाकाहारी दिवस असा बसतो. सकाळी १० ला ६० ग्रॅम मुगाच्या डाळीची दोन धिरडी आणि वाटीभर दही. दुपारी १ ला दोन पोळ्या, ५० ग्रॅम कोरड्या मटकीची मोड आणून केलेली उसळ, एक भाजी, कोशिंबीर, ताक. साडेपाचला ४० ग्रॅम फुटाणे. पावणेआठला एक ज्वारीची भाकरी, ७५ ग्रॅम पनीर घातलेली पालेभाजी. यात सुमारे ६५ ग्रॅम प्रथिनं आणि १५०० कॅलरींच्या आसपास होतात. बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या स्त्रीला हे पुरतं. ७५-८० किलोच्या पुरुषाने दोन पोळ्या आणि आणखी वाटीभर उसळ वाढवावी. मासे खाणाऱ्यांचं काम सोपं आहे. १५० ग्रॅम बांगडा, काटे वगळून, २८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं देतो, फक्त तो रव्यात घोळून तेलात बुडवू नका, तव्यावर दोन चमचे तेलात भाजा. अंड्यात ६ ग्रॅम.

तेल कुठे लपतं ते महिन्याच्या वाणसामानाच्या यादीवरून कळतं. माणशी रोज २० मिली धरलं तर चौघांच्या घरात महिन्याला साधारण अडीच लिटर. तुमच्याकडे पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर उपाशी तासांआधी फोडणी बघा.

आपले उपास

संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार आले की सोळा तास आपोआप होतात, असं गृहीत धरू नका. एका बशीत ६० ग्रॅम साबुदाणा (२१० कॅलरी), २० ग्रॅम दाण्याचं कूट (११५), दोन चमचे तूप (९०), अर्धा लहान बटाटा (४०): साधारण साडेचारशे कॅलरी, आणि साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीतच, जी आहेत ती कुटाची. दोन बशा, वर बटाट्याचा चिवडा आणि केळ्याचं शिकरण झालं की नेहमीच्या दिवसापेक्षा जास्त. उपासाला वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी मोजून, राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडी, फळ असं ठेवा. खिचडी खायचीच असेल तर एक बशी, दह्याबरोबर, दुपारच्या जेवणाच्या जागी, फराळ म्हणून वरून नाही. संकष्टीला चंद्रोदय उशिरा असतो, त्यामुळे जेवण नऊ-दहाला होणारच. दुसऱ्या दिवशी नाश्ता तेवढा पुढे ढकला आणि पुढे चालू लागा.

काय बिघडतं

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरले की लोक हुरळतात. त्यातलं बरंचसं पाणी असतं. शरीरातल्या साठवलेल्या साखरेबरोबर पाणी बांधलेलं असतं, साखर संपली की तेही जातं. एका लग्नाच्या पंगतीनंतर ते परतही येतं. खरी गती आठवड्याला ४०० ते ५०० ग्रॅम. किलोभर चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी, आणि रोज ५०० कमी खाल्ल्या तर हाच वेग निघतो. याहून फार जलद उतरत असेल तर स्नायू जात आहेत आणि पित्ताचे खडे होण्याची शक्यता वाढते.

पहिल्या चार-पाच दिवसांत डोकं दुखणं बहुधा सकाळचा चहा तुटल्यामुळे असतं, कोऱ्या चहाने थांबतं. आम्लपित्त वाढत असेल तर रिकाम्या पोटी कॉफी बंद करा. तरी जळजळ राहिली तर उपाशी तास बारावर आणा. बद्धकोष्ठ होतं ते पालेभाजी आणि पाणी कमी पडल्याने. दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागले तर प्रथिनं आणि लोह तपासा. मासिक पाळी पुढे-मागे होऊ लागली तर तास कमी करा आणि पाळी सुरळीत होईपर्यंत बाराच्या वर जाऊ नका. गाडीत चक्कर आली तर उपास तिथेच मोडायचा, पिशवीत त्यासाठी चिक्की किंवा केळं हवंच.

आणि रविवार. सोम ते शनि रोज ४०० वाचवून रविवारी मिसळ, दुपारी मटण-वडे, रात्री बाहेरचं जेवण असं केलं तर आठवड्याच्या बचतीचा निम्मा भाग एका दिवसात जाऊ शकतो. रविवारी तास सैल ठेवा, पण जड जेवण एकच.

आठवड्यातून दोन-तीनदा वीस मिनिटं स्नायूंवर ताण येईल असा व्यायाम करा: खुर्चीवरून उठबशा, भिंतीला टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. बारा-पंधराच्या तीन फेऱ्या. व्यायाम जेवणानंतर दोन तासांनी केलात तर अशक्तपणा जाणवत नाही. चालणं चांगलं आहे, पण स्नायू वाचवायला ते एकटं पुरत नाही.

मोजणी आणि निर्णय

सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर वजन करा. आठवड्यात तीनदा मोजून सरासरी काढा, रोजच्या चढउतारावर मन लावू नका. स्त्रियांनी पाळीच्या त्याच टप्प्यातल्या वजनाशी तुलना करावी, कारण पाळीआधी पाणी साठतं. कंबर मोजताना शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडून. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० च्या वर कंबर गेली की मधुमेह-हृदयरोगाचा धोका वाढलेला मानतात. वजन स्थिर असूनही कंबर दोन सेंटिमीटर कमी झाली असेल तर पद्धत लागू पडते आहे.

बारा आठवडे द्या. तोवर मूळ वजनाच्या तीन टक्केही उतरले नाहीत, तर तास वाढवू नका. पुन्हा तीन दिवसांची नोंद करा आणि खाण्याच्या तासांत काय शिरलं ते शोधा. तिथेही काही सापडलं नाही किंवा चिडचिड, झोपमोड होत असेल, तर ही पद्धत सोडून तीन वेळा मोजून जेवा. परिणाम तोच मिळतो. पाच ते दहा टक्के उतरले की सकाळची वेळ एका तासाने मोकळी करा, रात्रीचा शेवटचा घास मात्र आठलाच ठेवा. आठवड्यातून एकदा वजन बघत राहा. दोन किलो परत चढले तर सगळ्यात आधी संध्याकाळी पाच ते नऊ या वेळेत काय खाल्लं जातंय ते बघा.